दिवेलागण आणि वंशाचा दिवा

आमच्या बहुजनसमाजाची मोठी मौज आहे. भटजीबोवा ओसरीवर येऊन बसले, की आमच्या कपाळाला आठी पडते. पण तेच भटजीबोवा छापून भिंतीवरच्या खिळ्याला टांगले, किंवा मोबाइलात घालून खिशात दिले, की आम्ही त्यांना मुकाट्याने हात जोडतो. पुढच्या दाराने घालवून दिलेला पाहुणा परसदाराने आत यावा आणि थेट चुलीपाशी जाऊन बसावा, तशातली ही गत. या चुलीपाशी बसलेल्या पाहुण्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. निमित्त प्रदोषाचे आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने खिचडीला हात लावला नाही. आम्ही फारसे लक्ष दिले नाही. मुले कधी कधी रुसतात. अकराच्या सुमारास कवायतीला उभी असताना ती मटकन खाली बसली आणि डोळे फिरवले. पाणी मारले, गूळ चारला, तशी सावध झाली. विचारले, "बाळ, सकाळी काय खाल्लंस?"

"काय न्हाई, गुरुजी. परदोस हाय."

"तुझा कसला प्रदोष?"

"आईचा हाय. आजी म्हनली, तूबी धर, भाऊ व्हईल."

वाचक हो, नऊ वर्षांची पोर! तिला त्रयोदशी म्हणजे काय हे ठाऊक नाही, शंकराने हलाहल केव्हा प्याले हे ठाऊक नाही. तिला एवढेच ठाऊक, की आपण उपाशी राहिलो तर घरात भाऊ येईल, म्हणजे आपण आलो ते काही पुरले नाही. एवढे ज्ञान तिला कोणत्या शाळेने दिले? आमच्या शाळेने तर दिले नाही.

घरी तिच्या पाठच्या आणखी दोन बहिणी. आई सहा महिन्यांची गरोदर. अंगात रक्त कमी असल्याचे अंगणवाडीच्या ताईंनी कार्डावर लिहून ठेवलेले, लोहाच्या गोळ्याही दिलेल्या. पण उपाशीपोटी घेतल्या की मळमळते म्हणून त्या फळीवरच्या डब्यात तशाच पडून होत्या. चंद्राच्या कलेवर उपास आणि उपासावर गोळी बंद, असा हा हिशेब. त्याच दिवशी कडूसं पडताना आम्ही त्या घरी गेलो. सून आत भाकरी थापीत होती. पोटात सकाळपासून पाण्याखेरीज काही नव्हते. म्हातारी सोप्यात बसली होती. आम्ही जमेल तितक्या गोडीने समजावून सांगितले. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "गुरुजी, तुमचं समदं खरं. पर घराण्याला दिवा नगं व्हय?"

ती हे म्हणत होती त्याच वेळी सकाळी शाळेत चक्कर आलेली ती पोर तुळशीपुढे पणती ठेवून, पदर नसलेल्या फ्रॉकचे टोक वाऱ्याला आडवे धरून, वात सारखी करीत होती. आम्ही तिच्याकडे पाहिले. आजीने पाहिले नाही.

आता हा प्रदोष आहे तरी काय ते पाहू. अमावास्येपासून चंद्र सूर्याच्या पुढे पुढे सरकत जातो. पुन्हा सूर्याला येऊन मिळेपर्यंत त्याचे ३६० अंशांचे वर्तुळ पुरे होते. त्याचे ३० भाग केले की एक भाग १२ अंशांचा, आणि त्या भागाला म्हणतात तिथी. सहावी-सातवीच्या मुलाला येणारा हा भागाकार आहे. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद; म्हणून तिथी कधी २० तासांतच संपते, तर कधी २६ तासांच्याही पुढे रेंगाळते. ती आपल्या घड्याळातल्या दिवसाशी जुळत नाही. त्रयोदशी ज्या संध्याकाळी सूर्यास्ताच्या वेळी हजर असेल, ती संध्याकाळ प्रदोषाची. सूर्य मावळल्यापासून तीन मुहूर्त, म्हणजे सहा घटका, म्हणजे सुमारे दोन तास चोवीस मिनिटे, हा प्रदोषकाळ असे काही ग्रंथ म्हणतात. काही याहून थोडा मानतात. शास्त्रीमंडळींचे यावर एकमत नाही आणि आम्हांला त्यांच्या भांडणात पडावयाचे नाही. शुक्लपक्षातल्या प्रदोषाला चंद्र दीड-दोन तास आधीच उगवून पूर्वेला चांगला वर आलेला असतो. वद्यपक्षातल्या प्रदोषाला तो आभाळात नसतोच, पहाटे कोर दिसते. शेतात वस्तीला राहणाऱ्या धनगराला हे पंचांगाशिवाय ठाऊक असते. मग अडते कुठे? बाराव्या आणि तेराव्या तिथीच्या सांध्यात. त्रयोदशी दुपारी लागली आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी संपली, तर प्रदोष कोणत्या दिवशी? ही एवढीशी गाठ. पण याच गाठीवर गावजोशाने शेकडो वर्षे आपले बलुते बांधून घेतले होते. आकाश सगळ्यांचे, गाठ मात्र त्याची.

आणि हे बलुते साधेसुधे नव्हते. जोशीपणा हे वतन होते. खळ्यावर रास झाली की सुतार-लोहाराप्रमाणे जोशाचाही वाटा निघे. सुताराने नांगर केला नाही तर कुणबी त्याला जाब विचारू शके, जोशाचे उलटे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिले सत्यशोधक लग्न भटावाचून लागले. तेव्हापासून खेड्यापाड्यांतून प्रश्न उभा राहिला, की ज्याला बोलावलेच नाही त्याची दक्षिणा का द्यावी? जोशी कोर्टात जात आणि न केलेल्या कामाची मजुरी मागत. अखेरीस १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, आणि न बोलावलेल्या जोशाला दक्षिणेवर हक्क सांगण्याची सोय बंद झाली. मध्ये ५३ वर्षे गेली. त्या ५३ वर्षांत जोतीरावांनी पूजाविधीचे पुस्तक काढले, भास्करराव जाधवांनी 'घरचा पुरोहित' लिहिला, सातारा जिल्ह्याच्या गावोगावच्या जत्रांतून सत्यशोधकांचे जलसे झाले, पोरांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. हे सारे कशासाठी? आपल्या घरातले शुभाशुभ आपण ठरवावे एवढ्यासाठी.

मग आज काय दिसते? जोशाचे वतन गेले. तिथीचे गणित आता कोणा एका जातीच्या पोटात दडलेले नाही. १९५२ साली भारत सरकारने पंचांगसुधारणेसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मेघनाद साहा हे पूर्व बंगालमधल्या एका लहानशा गावच्या, हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या दुकानदाराचे चिरंजीव. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, आणि तिथीनक्षत्रांचे राष्ट्रीय पंचांग सरकार स्वतः छापू लागले, मराठीतसुद्धा. त्याच्याही आधी, १८९६ साली, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा थोर ग्रंथ छापून सगळ्या पंचांगांची हाडे मोजून दाखविली होती. दीक्षित जातीने ब्राह्मण, पण पेशाने आमच्यासारखेच मराठी शाळेचे मास्तर, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेले. आमचे भांडण जातीने ब्राह्मण असलेल्या माणसाशी नाही, हे दर वेळी सांगावे लागते म्हणून येथेही सांगून ठेवतो. तात्पर्य, गाठ सुटली. तेव्हा आम्ही मोकळे झालो असे वाटेल; पण झाले भलतेच. पूर्वी जोशी दारात आला तरच तिथी कळे, आणि घरातली शहाणी म्हातारी "आज जोंधळं न्हाईत, म्होरल्या बारीला या" म्हणून त्याला वाटेला लावी. आता तिथी रोज सकाळी फुकट येते. "उद्या शनिप्रदोष, हा संदेश अकरा जणांना पाठवा, दुर्लक्ष करू नका." पाठविणारा कोण? मराठा, माळी, धनगर, कोष्टी, आमचाच भाऊबंद! दक्षिणा घेणारा गेला आणि भीती वाटणारा उरला. वतन नसलेला जोशी आम्ही प्रत्येक घरात बिनपगारी नेमला आहे.

आता व्रताचा बाजार पाहा. प्रदोष ज्या वारी येईल तसे फळ. रविवारी आला तर दीर्घायुष्य, सोमवारी आला तर शांती, मंगळवारी आला तर ऋणमुक्ती, शनिवारी आला तर पुत्रप्राप्ती. किराणा दुकानात डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तशा वारांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत.

यातली मंगळवारची चिठ्ठी आधी वाचू, कारण ती आमच्या जिल्ह्याला चांगली लागू पडते. कर्ज हा आमचा जुना रोग. सांगली आणि मिरज ही गावे तेव्हा पटवर्धन संस्थानिकांची. पण वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. दक्षिण सातारा वेगळा निघाला तो १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली. त्या जुन्या मोठ्या साताऱ्यातला कुणबी सावकाराच्या वहीत बुडालेला होता. त्याची बायको भौमप्रदोष करीत नव्हती असे का कोणाला वाटते? कर्ज फिटले नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकाराची दुकाने फोडून खतपत्रांची होळी केली. ते लोण नगर जिल्ह्यातही पसरले. सरकारने चौकशी बसविली, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यात दोष पुष्कळ होते, सावकाराने त्यातूनही वाटा काढल्या. तरी कोर्टाला व्याजाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासता येऊ लागला तो या कायद्याने, मंगळवारच्या त्रयोदशीने नव्हे. आज बचतगटाच्या हप्त्याची तारीख पाहा. ती इंग्रजी महिन्याची असते. चंद्र जलद चालला म्हणून ती अलीकडे येत नाही आणि रेंगाळला म्हणून पुढे जात नाही. ऋणको चंद्राकडे पाहतो, धनको तारखेकडे. कोण फसणार ते उघड आहे.

मंगळवारचे एवढेच. शनिवारची चिठ्ठी मात्र अधिक वाईट आहे. मंगळवारच्या उपासाने कर्ज फिटले नाही तर माणूस आधी होता तितकाच गरीब राहतो. शनिवारच्या उपासाने मुलगा झाला नाही तर जी मुलगी होते, तिचे काय?

तिचे काय होते ते आम्ही हजेरीपटावर पाहिले आहे. आम्ही नोकरीला लागलो त्या काळी आमच्या वर्गात एक मुलगी होती, नाव नकुशा. आधी वाटले, लिहिताना चूक झाली. मग कळले, की चूक लिहिणाऱ्याची नव्हती. नको असताना आली म्हणून नकुशा. पुढची तरी येऊ नये म्हणून नकुशा. रोज सकाळी आम्ही भर वर्गात मोठ्याने म्हणायचे, "नकुशा!" आणि तिने उभे राहून म्हणायचे, "हजर!" पहिले काही दिवस आमची जीभ अडखळली, पुढे अडखळेनाशी झाली. ही आमची लाज आम्ही येथे छापून ठेवतो. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात समारंभ करून जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. काहींनी नट्यांची नावे घेतली, काहींनी देवींची. त्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत साताऱ्याचे नाव छापून आले. शिवछत्रपतींच्या गादीचे गाव, प्रतिसरकारचा जिल्हा, भाऊराव पाटलांच्या रयतेचे माहेर. आणि नाव गाजले ते अशा कारणाने.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? तर मग आकड्यांत पाहा. १९९१ च्या शिरगणतीत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ९२४ मुली होत्या. २००१ साली ८५१ उरल्या. साताऱ्यात ९४१ च्या ८७८ झाल्या. दुष्काळ पडला नव्हता, पटकी आली नव्हती. गर्भलिंगतपासणीवर महाराष्ट्राने १९८८ सालीच बंदी घातली होती, देशाचा कायदा १९९४ साली झाला होता. तरी मुली गेल्या. आणि हे जिल्हे काही मागासलेले नव्हेत. साखर कारखाने, दूध संघ, द्राक्षांचे मांडव, कृष्णाकाठची बागायत! पाणी आले, पैसा आला, तसे यंत्रही आले. २०१७ च्या मार्च महिन्यात मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याच्या कडेला पुरलेले १९ भ्रूण निघाले. एका बाईचा जीव गेला म्हणून ते उघडकीला आले; नाहीतर ओढा गप्पच होता.

आमचे शास्त्री, आणि शास्त्र्यांहून कडवे झालेले आमचेच काही नवशिक्षित, येथे हटकून म्हणतील, की व्रताचा आणि या पापाचा काय संबंध? व्रत करणारी बाई मागणे मागते, हत्या करीत नाही. आम्हीही असे म्हणत नाही, की शनिप्रदोष करणारी प्रत्येक बाई यंत्राच्या खोलीत जाते. बहुतेक जणी जात नाहीत. परंतु "मुलगाच पाहिजे" हे मागणे ज्या घरात दर पंधरवड्याला दिवा लावून, हात जोडून, पवित्र म्हणून उच्चारले जाते, त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला ते मागणे पापाचे कसे वाटावे? देवाजवळ जे मागितले तेच त्याने दुसऱ्या दुकानात विकत मागितले. देवापुढे मागण्याला आम्ही पुण्य म्हणून ठेवले आहे, तोवर डॉक्टरापुढे मागण्याला गुन्हा म्हणणारा कायदा त्या घराला परका वाटणार.

आणि मागावे तरी कोणी? मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते. १९०५ साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाच्या एका बाईने पिठातल्या किड्यांवर प्रयोग करून नराच्या बीजातला हा भेद शोधला. आज तो दहावीच्या मुलांना ठाऊक असतो. म्हणजे भेद नवऱ्याच्या बीजात आणि उपास बायकोने! व्रताचा काही गुण असलाच तर तो नवऱ्याने धरला पाहिजे. आमच्या गावातल्या तालमीच्या पाराशी हे आम्ही एकदा बोललो, तर सगळे हसले. उपास धरायला मात्र कोणी पुढे आले नाही.

शिवलीलामृताचा आधार पुढे करतील, म्हणून त्याचेही पाहू. श्रीधरांनी हा ग्रंथ १७१८ साली बारामतीला पुरा केला. आमच्या खेड्यांत तो घरोघर वाचतात; आमच्या आईनेही वाचला, आणि श्रीधरांची ओवी गोड आहे हे आम्ही नाकारीत नाही. त्यात प्रदोषाच्या दोन कथा आहेत. एक राजाची. हा राजा मागल्या जन्मी प्रदोषपूजेला बसला असता नगरात गलबला ऐकून पूजा अर्धी टाकून उठला, बंदोबस्त केला, आणि पूजा पुरी न करताच जेवला; म्हणून पुढच्या जन्मी त्याचे राज्य गेले, जीव गेला, राणीला मगरीने ओढले, तान्हे मूल उघड्यावर पडले. विचार करा, वाचक हो! रयतेत गलबला झाला तर राजाने उठावे की बसावे? आमच्या मते तो उठला हेच त्याचे राजेपण. कथा म्हणते, ते पाप. कुणब्याच्या बायकोने हे ऐकले की तिला एवढेच कळते, की मूल रडले, म्हैस सुटली, सासऱ्याला धाप लागली, तरी पाटावरून उठता कामा नये.

दुसरी कथा उज्जयिनीच्या गवळ्याच्या पोराची. त्याने राजाची पूजा पाहिली, अंगणात एक धोंडा मांडला आणि मिळेल ते वाहिले. मंत्र नाही, भट नाही, उद्यापन नाही. शंकर त्याला पावला, आणि तेही शनिप्रदोषाच्याच दिवशी. ही कथा खुद्द पोथीतली आहे, आम्ही रचलेली नव्हे. मग राजाची कथा तेवढी भीती घालायला घ्यायची आणि गवळ्याच्या पोराच्या कथेचा अर्थ पोथीत गुंडाळून फडताळात ठेवायचा, हा कुठला न्याय?

त्या गवळ्याच्या पोराची जात आमच्या माणदेशात दरसाल दिसते. चैत्र शुद्ध द्वादशीला शिखर शिंगणापूरला मुंगी घाटाने कावडी चढतात. सासवडची तेल्या भुत्याची कावड मानाची. उभा कडा, पायाखाली सुटे धोंडे, खांद्यावर पाण्याने भरलेले रांजण. माणसाची साखळी करून हात देत, ओढत, हरहर महादेवाच्या गजरात कावड वर जाते. हेही चंद्राच्या तिथीवरच चालते. ते पाहून अंगावर काटा येतो. या शंभू महादेवाला पाणी घालणारा तेली, कुणबी, धनगर कोणाला विचारून घाट चढत नाही, आणि मुलगा दे म्हणून अट घालूनही चढत नाही. बापजाद्यांचा देव तहानलेला राहू नये म्हणून चढतो. अशा भक्तीशी आमचे काही भांडण नाही. तिन्हीसांजेला तुळशीपुढे, गोठ्यात, उंबऱ्यावर दिवा लावण्याशी तर नाहीच नाही. गुरे घरी आली, धूर वर गेला, दिवसभर ऊन खाऊन आलेली माणसे ओसरीला टेकली, अशा वेळी घरातल्या बाईने वात लावावी. याला तिथी लागत नाही, वार लागत नाही, तो रोजचा आहे. रोजचा दिवा आमचा होता. त्यातला त्रयोदशीचा वेगळा काढून त्याला भाव लावला, फळ लावले, चुकले तर शाप लावला, तेव्हा तो आमचा राहिला नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. एका शिकलेल्या भगिनीने आम्हांला विचारले, "गुरुजी, प्रदोषाच्या निमित्ताने बाई संध्याकाळी तासभर देवळात बसते. तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. तो तुम्ही काढून घेणार, आणि बदल्यात काय देणार?" खरे आहे. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर, माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संध्याकाळच्या वेळी पायऱ्यांवर बसलेल्या बाया आम्हीही पाहिल्या आहेत. त्यांच्या तोंडावर घरात न दिसणारी शांती असते. त्यांना उठवून घरी धाडा असे आम्ही म्हणत नाही. बसू द्या, पंधरा दिवसांनी एकदा का, रोज बसू द्या, पण जेवून बसू द्या, आणि काही कबूल न करता बसू द्या. त्या वेळी घरातली भाकर पुरुषाने थापली तर आकाश कोसळणार नाही.

आता "दिवा" या शब्दाचा निकाल लावू. मुलगा म्हणजे वंशाचा दिवा. का, तर तो अग्नी देतो, पाणी देतो. सावित्रीबाई फुले आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. या जोडप्याला मूल झाले नाही. जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपला मुलगा म्हणून वाढविला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा टिटवे हाती धरून सावित्रीबाई पुढे चालल्या आणि त्यांनी अग्नी दिला. त्याला आज १३० वर्षांहून अधिक काळ लोटला. जोतीरावांना गती मिळाली नाही असे म्हणायला कोणी धजतो काय? आणि ज्यांच्या घरी चार-चार दिवे होते त्यांची नावे तरी आज कोणाला आठवतात? आमच्या सभांतून या दोघांच्या तसबिरींना हार घालणारे पुढारी घरी जाऊन सुनेला शनिप्रदोष धरायला लावतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हार घालताना त्यांचा हात कापत नाही.

असो. त्या चौथीतल्या मुलीच्या घरी आम्ही पुढेही जात राहिलो. उपदेश केला नाही. म्हातारीला उपदेशाचा कंटाळा येतो, आणि आम्हांलाही. अंगणवाडीच्या ताईंना बरोबर नेले. सुनेने गोळ्या जेवणानंतर घ्यावयाच्या एवढेच ठरले. पुढच्या त्रयोदशीला तिने दिवा लावला, देवळात गेली, पण दुपारी भाकरी खाऊन. सासूने पाहून न पाहिल्यासारखे केले. आमच्या मुलीचा उपास तर आम्ही शाळेतच मोडून काढला. खिचडीच्या रांगेत तिला पहिली उभी केली.

माघात बाळंतपण झाले. मुलगी. बाळ-बाळंतीण सुखरूप. आम्ही दोन दिवस त्या वाटेने गेलोच नाही. खरे सांगावयाचे तर धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारीच शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आम्हांला वाटले, आता शिव्या खाव्या लागणार. ती म्हणाली, "गुरुजी, नाव थोरलीनं ठिवलंय. शाळंत लिवायचं म्हंजी बरंच असंल म्हना." नाव येथे छापीत नाही, घरची गोष्ट आहे, पण ते नकुशा नव्हे. मग थोडे घुटमळून म्हणाली, "बारशाला दिस कंचा धरू? क्यालिंडर बघून सांगा की."

आम्ही म्हणालो, "आजी, रविवार धरा. शाळेला सुट्टी असते."